अडुसष्ट कोनफळं

देवानं हे जग निर्माण केलं आणि मग ते मोजमापात बरोबर भरतंय का, हे पाहायला आमच्या शेजारच्या काकांना पाठवलं, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत चौथं घर आमचं आणि पाचवं त्यांच्या लेकीचं. काकू गेल्यावर काका लेकीकडे राहायला आले, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे राहून, स्वतःचं नावगाव सांगायच्या आधी म्हणाले, "तुमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत का हो? आमच्याला तेरा आहेत. बिल्डर एक, प्लॅन एक, मग हे कसं?" मी तोवर दोन वर्षं त्या जिन्यानं चढउतार करत होतो, जिन्याला पायऱ्या आहेत एवढंच मला ठाऊक होतं. काका आत आले, बूट काढले, मोजून गेले. चौदाच होत्या. त्या दिवसापासून मी 'अहो'चा 'अरे' झालो.

काका इंजिनियर म्हणून अमेरिकेत आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. नोकरीत त्यांनी नेमकं काय केलं ते मला कधी नीट कळलं नाही, कारण त्याबद्दल विचारलं की ते त्या कंपनीच्या छताला किती पंखे होते ते सांगत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाला मोदक किती झाले, आरतीला किती जणांच्या टाळ्या तालात होत्या आणि किती जणांच्या नव्हत्या, अध्यक्षांनी भाषणात 'ॲक्च्युअली' किती वेळा म्हटलं, हे सगळं त्यांच्या जिभेवर. आमचे अध्यक्ष त्यांना पाहिलं की भाषण आटोपतं घेत, हे मंडळावर काकांचे मोठेच उपकार. यातलं काही ते कधी कागदावर लिहीत नसत. "लिहिलास की आकडा झोपला," असं म्हणत, "तो तोंडात जागा असतो." मी सॉफ्टवेअरवाला, आणि आम्ही मोजायला शून्यापासून सुरुवात करतो हे मी एकदा त्यांना सांगायची चूक केली. काकांनी माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. "रांगेत पहिल्या उभ्या राहिलेल्या माणसाला तुम्ही शून्य म्हणता? मग तुमच्यात लेऑफ होतात त्यात नवल काय!"

पण मोजणं हे नुसतं निमित्त होतं. काकांचा खरा जीव होता तो आकड्यांच्या शब्दांवर. मराठीतले आकडे ते एखाद्या गवयानं चिजा सांगाव्यात तसे सांगत. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असं करत एकोणनव्वदपर्यंत आपण प्रत्येकाला पुढच्यापेक्षा एकानं उणा म्हणतो. पण नव्व्याण्णवला कोणी एकोणशंभर म्हणत नाही. यावर काकांचा सिद्धांत असा, की शंभराच्या उंबरठ्यापर्यंत चालत आलेल्याला उणा म्हणायचं नाही, एवढी सभ्यता आपल्या पूर्वजांना होती. हा सिद्धांत कुठल्याही विद्यापीठात टिकणार नाही हे मला कळतं, पण माझ्या आजोबांना नव्व्याण्णवावं लागलं तेव्हा मी तो फोनवरून त्यांना ऐकवला आणि ते खूश झाले.

मराठी पाठ झाल्यावर काका बाकीच्या जगाकडे वळले. भेटेल त्या परक्या माणसाला ते एकच विनंती करत: तुमच्या भाषेत दहापर्यंत म्हणून दाखवा. थाई हॉटेलातली वाढणारी बाई, इथिओपियाचा टॅक्सीवाला, बागेतली हिरवळ कापायला येणारा मेक्सिकन माळी, सगळ्यांकडून त्यांनी दहा-दहा शब्द मागून घेतले होते. आश्चर्य म्हणजे कोणी कधी नाही म्हणत नसे. उलट माणसं हातातलं काम टाकून, बोटं उघडत, लहान मुलासारखी एक ते दहा म्हणत आणि शेवटी हसत. काकांच्या संग्रहात त्रेचाळीस भाषा होत्या आणि त्यांची उजळणी ते रोज सकाळी आंघोळ करताना मोठ्यानं करत. भिंत सामाईक असल्यामुळे ऑफिसच्या पहिल्या मीटिंगआधी मी स्वाहिलीत आणि कोरियनमध्ये दहापर्यंत पोचलेला असे. त्यांची लेक, म्हणजे आमची ताई, मला म्हणायची, "सॉरी रे, बाबांना किती वेळा सांगितलं, व्हॉल्यूम कमी करा. ऐकतच नाहीत." एकदा फ्रीवेवर काकांची गाडी फारच हळू चालली म्हणून पोलिसानं बाजूला घेतली. काका कडेची झाडं मोजत होते. त्यानं ते खरं मानलं नाही. प्यायलेत की काय, असा संशय येऊन खाली उतरवलं आणि सरळ रेषेत पावलं मोजत चालायला सांगितलं. काकांनी नम्रपणे विचारलं, "कोणत्या भाषेत?" त्यानंतर ताईनं त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी छातीवरचे टाके मोजले आणि मग डोळे मिटले. पुढे हृदयाच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी, त्यांना एका केंद्रात जावं लागे. ताईचं ऑफिस खाडीवरच्या पुलापलीकडे आणि मी त्या दोन दिवशी घरून काम करणारा; त्यामुळे सारथ्य माझ्याकडे आलं. मी मनातून कुरकुरत होतो हे कबूल करतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तिथल्या भिंतीशी बसे आणि समोर सात-आठ म्हातारी माणसं खुर्चीत बसून हातात हलकी वजनं घेऊन वरखाली करत. काका अर्थातच मोठ्यानं मोजत. तिसऱ्या की चौथ्या खेपेला शेजारच्या खुर्चीतून दुसरा एक आवाज आला, काकांच्या दुप्पट खोल: "ताहा, उआ, तोलु, फा, निमा, ओनो." काकांचे हात हवेत तसेच थांबले.

हा माणूस म्हणजे एक टोंगन आजोबा. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर टोंगा नावाची चिमुकली बेटं आहेत, तिथून ते पन्नास वर्षांपूर्वी इकडे आले होते आणि आता पुलापलीकडे ईस्ट पालो आल्टोत लेकीजवळ राहत होते. देह प्रचंड, खुर्ची त्यांच्याखाली दिसतच नसे, आणि बोलणं जवळजवळ नाही. लेक शाळेची बस चालवायची. ती त्यांना आणून सोडायची. काकांनी ताबडतोब आपली नेहमीची विनंती केली. आजोबांनी 'सात' म्हणजे 'फितु' आणि 'आठ' म्हणजे 'वालु' असं सांगितलं मात्र, काका खुर्चीतून उठले, व्यायाम घेणाऱ्या फिलिपिनो बाईंना हाताला धरून घेऊन आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही म्हणा. तुमच्या भाषेत. दोनपासून." त्या म्हणाल्या, "दलावा, तत्लो, आपात, लिमा, आनिम, पितो, वालो." आजोबा त्यांच्याबरोबर म्हणू लागले, "उआ, तोलु, फा, निमा, ओनो, फितु, वालु." वालो आणि वालु एकाच वेळी आले. त्या बाई आणि ते आजोबा सहा महिने एकमेकांना ओळखत होते, आठवड्यातून दोनदा भेटत होते, आणि आपण एकाच घरातून निघालेली माणसं आहोत हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या, आणि दोघांनी पुन्हा म्हटलं. मी लॅपटॉप बंद केला.

परतताना गाडीत काका एकदम बोलू लागले. हजारो वर्षांपूर्वी काही माणसं होड्या घेऊन निघाली. कोणी फिलिपाइन्सला राहिली, कोणी पार मादागास्करला गेली, कोणी हवाईला, कोणी टोंगाला. मध्ये सगळं पाणी. कागद नाही, होकायंत्र नाही, एकमेकांची गाठभेट नाही. देव बदलले, अन्न बदललं, घरं बदलली. पण मादागास्करचा माणूस आजही पाचाला 'दिमी' म्हणतो, मनिलाचा 'लिमा', हवाईचा 'लिमा' आणि टोंगाचा 'निमा'. आणि यांच्यातल्या कितीतरी भाषांत तो हाताचाही शब्द आहे. "अरे, होडीत जागा किती असेल? काय न्यावं आणि काय टाकावं, विचार कर. आणि यांनी मोजणं नेलं." मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस, पण आकडा हे असं काही असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्यानंतर आधीच्या त्रेचाळीस भाषा मागे पडल्या आणि काका टोंगनमध्ये बुडाले. आजोबांनाही बऱ्याच दिवसांनी कोणीतरी भेटलं असावं, कारण ते हळूहळू बोलू लागले. एक ते दहा हे तर पोरांचं काम, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बेटावर नारळ, मासे आणि कोनफळं मोजायची रीतच निराळी. एकेक मोजायचं नाही, जोडीनं मोजायचं. दहा जोड्या भरल्या की एक 'तेकाउ', म्हणजे वीस. काका टाळी वाजवून म्हणाले, "म्हणजे आपली कोडी!" कोनफळ म्हणजे आपण उंधियोत घालतो तोच जांभळा कंद, पण त्यांच्याकडचं एकेक तान्ह्या मुलाएवढं. लग्नात, मयताला, पाहुण्यांच्या स्वागताला कोनफळांची रास घालतात आणि घेणाऱ्यांच्या बाजूचा एक माणूस ती सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजतो. आपल्याकडे कोणी आहेर देणाऱ्याच्या तोंडावर मोजायला बसलं तर जन्मभर नावं ठेवतील. तिथं उलट. "मोजलं नाही तर घेतलं असं होत नाही," आजोबांनी सांगितलं. देणाऱ्यानं प्रत्येक कंदामागे घाम गाळलेला असतो, तो प्रत्येक कंद मोठ्यानं उच्चारून स्वीकारायचा. ईस्ट पालो आल्टोतल्या त्यांच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं हे काम आजोबांचं होतं. काका ते शिकायला लागले. आमच्या स्वयंपाकघरात बटाटे, कांदे आणि एकदा माझ्या बायकोनं मोजून केलेले बेसनाचे लाडू जोड्याजोड्यांनी टेबलावर मांडले गेले. "काका, लाडू खायचे असतात हो," ती म्हणाली. "खाऊ, पण आधी घेऊ तर द्या," काका म्हणाले.

मग एका मंगळवारी आजोबांची खुर्ची रिकामी होती. गुरुवारीही. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता आणि वाचाही. लेक सांगत होती, की त्यांना सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत; पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येत नाही. संतापून मान फिरवतात. काकांनी दुसऱ्याच दिवशी मला पुलापलीकडे त्यांच्या घरी गाडी घ्यायला लावली. पलंगाशी बसून त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. नुसतं आजोबांच्या डाव्या हाताचा अंगठा उघडला आणि म्हणाले, "ताहा." आजोबांचे ओठ हलले. मग एकदम, घसरगुंडीवरून सुटल्यासारखं, "उआ, तोलु, फा, निमा, ओनो, फितु, वालु, हिवा, होंगोफुलू!" स्वयंपाकघरात लेकीच्या हातातलं भांडं पडलं. तीन आठवड्यांत वडिलांचा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला होता. नंतर आजोबांच्या स्पीच थेरपिस्टनं समजावून सांगितलं, की असं होतं. बोलणं जातं, पण लहानपणापासून घोकलेलं, एकामागून एक येणारं, ते मेंदूत कुठेतरी वेगळं जपलेलं असतं. फक्त पहिला शब्द दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही पूल ओलांडू लागलो. काका पहिला आकडा देत आणि आजोबा पुढचे म्हणत. एवढंच. पण त्या एवढ्यात ते दोघं तासतास गप्पा मारत. आजोबा 'तोलु' रागानं म्हणत, 'फितु' लाडानं म्हणत, 'हिवा' असं म्हणत की त्यांना नेहमीच्या नर्सबद्दल तक्रार आहे हे मलाही कळे. काका उत्तरादाखल 'निमा, निमा' म्हणून समजूत काढत. दोन म्हातारी माणसं दहा शब्दांत सगळा संसार बोलत होती आणि आम्ही धडधाकट माणसं हजार शब्द जवळ असून दारात उभे राहून ऐकत होतो.

अशात आजोबांच्या नातीचं लग्न ठरलं. युटाहून, हवाईहून नातेवाईक येणार होते, नवऱ्यामुलाकडच्यांनी बेटावरून कोनफळं मागवली होती. आणि आजोबा लग्नाला यायला तयार नव्हते. ज्या हॉलमध्ये इतकी वर्षं त्यांनी उभं राहून मोजलं, तिथं चाकांच्या खुर्चीत मुक्यानं बसून दुसऱ्याला मोजताना पाहायचं, हे त्यांना नको होतं. चर्चमध्ये मोजू शकणारे दुसरे वडीलधारे होते, प्रश्न तो नव्हता. आजोबांची लेक आमच्या घरी आली, काकांच्या समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांच्याजवळ बसा. तुम्ही ताहा म्हणा. पुढचं ते म्हणतील. हे शेवटचं लग्न आहे त्यांच्या डोळ्यांदेखतचं. ते मोजणार असतील तरच येतील." काका पांढरेफटक पडले. "आणि नाही जमलं तर? भर सभेत अडकले तर?" काय होईल हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती तो धोका पत्करूनच आली होती. ती गेल्यावर ताई म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट युअर फॅमिली. काही झालं तर किती एम्बॅरसिंग होईल त्यांना." काका म्हणाले, "एकच तर शब्द आहे गं माझा." सहा आठवडे त्या एका शब्दाची तालीम चालली. आंघोळीच्या वेळी भिंतीपलीकडून रोज सकाळी फक्त 'ताहा' ऐकू येई. कधी हळू, कधी ठासून, कधी प्रश्नासारखा.

लग्नाच्या दिवशी आजोबांच्या लेकीनं काकांच्या कोटावरून कमरेला विणलेली चटई गुंडाळली आणि दोरीनं बांधली. तो त्यांच्याकडचा मानाचा पोशाख. काकांना त्यात नीट बसता येईना, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. हॉलमध्ये दोनशे तरी माणसं जमिनीवर बसली होती. मधोमध कोनफळांची रास, मातीसकट. एका बाजूला देणारे, दुसऱ्या बाजूला आजोबा खुर्चीत, शेजारी काका, मागे मी. देणाऱ्यांतला एक वृद्ध बराच वेळ बोलला आणि बसला. मग दोन धिप्पाड पुरुषांनी राशीतली पहिली जोडी उचलून आजोबांच्या पुढ्यात ठेवली. आजोबांच्या कपाळावर घाम होता, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला. ते काकांकडे पाहत होते. काकांनी घसा खाकरला, जोडीला हात लावला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!"

मला वाटलं, जमीन दुभंगून आम्हां दोघांना पोटात घेईल तर बरं. काकांना स्वतःलाच काय झालं ते कळलं नव्हतं. तोंड उघडं राहिलं होतं. नवरीनं मान वर करून पाहिलं. आणि आजोबांची मान सावकाश काकांकडे वळली. पन्नास वर्षं कोनफळं मोजलेल्या माणसाच्या कानावर, त्याच्या नातीच्या लग्नात, पहिल्याच जोडीला कोणीतरी चुकीचा शब्द घातला होता. त्यांच्या भुवया चढल्या. चेहरा लाल झाला. डावा हात उचलून त्यांनी दांड्यावर धाडकन आपटला आणि गरजले, "ताहा!" कोणीही न सांगता. झटका आल्यापासून पहिल्यांदा सुरुवात त्यांची स्वतःची होती. त्यांनी त्या दोन पुरुषांकडे अशा नजरेनं पाहिलं की ते धावतच दुसरी जोडी घेऊन आले. "उआ," आजोबा म्हणाले. "तोलु. फा."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तो आवाज मोजण्याचा नव्हता. दर जोडीला तो जरा वर चढे, जरा थांबे, जोडी खाली टेकली की पुढचा आकडा येई, आणि दहाव्या जोडीला "तेकाउ!" म्हटलं की सगळा हॉल एकदम "मालो!" म्हणून आभार मानी. छाताडात कुठेतरी ते वाजत होतं. मला वाटलं, होड्या किनाऱ्याला लागल्यावर असंच कोणीतरी मोजलं असेल, किती निघालो होतो आणि किती पोचलो. तिसरा तेकाउ झाला आणि आजोबा थांबले. श्वास संपला होता. डोळे मिटले. राशीत चार जोड्या उरल्या होत्या. काका शब्द द्यायला पुढे झुकले, तर मागून लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात दाबून ठेवला. कोणी हललं नाही. किती वेळ गेला असेल. काकांनीसुद्धा तो मोजला नसावा. मग आजोबांनी डोळे उघडले आणि अगदी हळू, जवळच्यालाच ऐकू येईल असं, "ताहा... उआ... तोलु... फा." अडुसष्ट. लेक तिथंच खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडू लागली. मीही रडत होतो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

गाडीत बसल्यावर काकांनी कमरेची चटई मांडीवर घेतली आणि म्हणाले, "नाक कापलं मी." मी त्यांना म्हटलं, अहो काका, तुमच्या चुकीमुळे तर ते बोलले! पण त्यांना ते पटेना. मग सांगू लागले. कोकणात त्यांच्या लहानपणी भाताची रास मोजताना पहिल्या मापाला त्यांचे आजोबा 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. धान्याची सुरुवात नुसत्या आकड्यानं करायची नसते. "साठ वर्षांत हा शब्द मी उच्चारला नसेल रे. रास पाहिली, माती पाहिली, आणि आतून कोणीतरी तोंड उघडलं." चव्वेचाळीस भाषा पाठ असलेल्या माणसाला त्याची स्वतःची भाषा अशी मध्येच गाठून गेली होती. आयुष्यात कधी न चुकलेला माणूस दोनशे माणसांसमोर चुकला, हे शल्य त्यांच्या मनातून आजही गेलेलं नाही.

ती आजोबांची शेवटची मोजणी ठरली. पुढच्या गुरुवारी काकांनी अंगठा उघडून 'ताहा' म्हटलं तर आजोबा नुसते हसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. तरी आम्ही जातो. मी आता कुरकुरत नाही. काका पलंगाशी बसतात, हातात हात घेतात आणि मोजतात; आणि मी दारातून ऐकतो म्हणून मला माहीत आहे, ते चुकीचं मोजतात. मुद्दाम. दोनानंतर पाच म्हणतात, चार गाळतात, नऊ आधी आणि आठ नंतर. दर चुकीनंतर थांबून आजोबांच्या भुवयांकडे पाहतात. आजोबा प्रेमानं त्यांचा हात थोपटतात.

परवा पुलावर ट्रॅफिक होता. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि काका खिडकीबाहेर पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "आज मी सातानंतर तीन म्हटलं रे. इतकी मोठी चूक! तरी रागावला नाही." मी गाडी चालवत राहिलो, आणि काका काचेकडे तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.